डॅग्नीच्या होडीचं बूच

१

होडी बुडाली ती जेमतेम कमरेएवढ्या पाण्यात, आणि गावाला त्याचीच जास्त गंमत वाटली. खोल समुद्रात, वादळात बुडाली असती तर लोक चार चांगले शब्द तरी बोलले असते. ही काठाला लागूनच काठोकाठ भरून खाली बसली होती. मधल्या फळीवर एक सीगल निवांत पिसं साफ करत होता. मागचं इंजिन तेवढं पाण्याच्या वर होतं.

सकाळी डॅग्नीने रेडिओवर सांगितलं, "माझी होडी बुडाली." आमच्या ओटर हार्बरमध्ये रेडिओवर कोणी शिंकलं तरी बंदरभर कळतं. मी चहा अर्धा टाकला आणि माझी छोटी होडी काढली. शेजारच्या खाडीतल्या अंकल सिलोच्या जाळ्याचे तरंगते बोये टाळत, लांबचा वळसा घालत दोन खाड्यांमधल्या टोकाशी पोचले आणि तिथून डॅग्नीच्या खाडीत सरळ आत शिरले.

माझं नाव ऑगस्टा. गावात सगळे आंटी गस म्हणतात. अलास्कात सोळाव्या वर्षी मुलाला सज्ञान ठरवून घ्यायचं असेल तर कोर्टात अर्ज करावा लागतो, आईबापांची संमती लागते, आणि मूल खरंच स्वतःच्या पायावर उभं आहे का ते कोणाला तरी जाऊन बघावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी. डॅग्नी ताराल्डसनच्या अर्जाची सुनावणी शुक्रवारी होती आणि आज बुधवार होता.

डॅग्नी वाळूवर उभी होती. उंच, हाडकुळी, रबरी बूट मांडीपर्यंत. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या मागे, समुद्राकडे बघत होती, आणखी कोणी येतंय का ते.

"काय झालं गं?"

"बूच विसरले."

एवढंच. ओहोटीला होडी वाळूवर टेकली की मागचं बूच काढायचं, म्हणजे साचलेलं पावसाचं पाणी वाहून जातं. मग बूच परत लावायचं. विसरलात तर भरती येते आणि त्याच भोकातून समुद्र आत येतो. इथल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा हे केलेलं असतं आणि एकही जण कबूल करत नाही. ही पोरगी मात्र सुनावणीच्या तोंडावर, न विचारता, कबूल करून मोकळी झाली होती.

मी पाण्यात उतरले. इंजिनावरचं ताडपत्रीचं टोपडं उचललं. सुरू करायच्या दोरीच्या मुठीला बूच अडकवलेलं होतं. इथे चालायला लागलेल्या पोरालाही हे आधी शिकवतात, की काढलेलं बूच मुठीला अडकवायचं, म्हणजे इंजिन सुरू करताना हाताला लागतं. मी ते खिशात टाकलं. डॅग्नीने बघितलं नाही.

"न्यायाधीशांना सांगावं लागेल," मी म्हणाले.

"सांगा ना. खरं ते सांगा." तिचा आवाज अगदी सपाट होता.

केबिनच्या बाजूला मांडवावर तिचं जाळं नीट घडी घालून टाकलं होतं, सुकलेलं. चुलीवर कॉफी होती. सगळं जागच्या जागी होतं. अशा घरात बूच विसरत नाहीत, हे माझं मन मला परत परत सांगत राहिलं.

ही कोणाला तरी पाठीशी घालत होती.

२

टोकापलीकडच्या खाडीत अंकल सिलो. त्याचे वडील फिलिपाइन्सहून मासळीच्या कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. सिलो होडीत वाकून जाळ्यातून सॅल्मन सोडवत होता. हात थांबवायला तयार नव्हता.

"बोल, पण कानांशी बोल," तो म्हणाला. "हातांना वेळ नाही. शनिवारपर्यंत मासेमारी खुली आहे आणि मासे नुसते वेड्यासारखे येतायत. जाळ्यातले वेळेवर काढले नाहीत तर कुजतात, मग सरकारी लोक माझ्या बोकांडी."

"डॅग्नी म्हणते बूच विसरली."

तेव्हा मात्र त्याचे हात थांबले. "डॅग्नी? अगं, ती झोपेतसुद्धा बूच चाचपते. तिच्या आजोबाने, थोरने, तिला तसंच वाढवलंय."

थोर ताराल्डसन हिवाळ्यात गेला. आई दुसरं लग्न करून ॲरिझोनाला गेली तेव्हापासून डॅग्नी आजोबाकडेच होती. ही खाडी, जाळं टाकायची जागा, केबिन, सगळं भाडेपट्ट्यावर. पट्टा नवा करायला सज्ञान माणसाची सही लागते. सही झाली नाही तर जागा जाते ती यादीत पुढे असलेल्याकडे.

"आणि यादीत पुढे कोण आहे रे, सिलो?"

"मी," तो म्हणाला आणि हसला. त्याचे दोन दात सोन्याचे आहेत. "आता मला बेड्या घाल. पण आधी एवढे मासे सोडव."

"काल संध्याकाळी ओहोटीला तू कुठे होतास?"

"टोकाशी. शिंपल्या खणत होतो, पाणी चढेपर्यंत. चालत यायचं तर माझ्या नाकासमोरूनच यायला लागतं, आणि होडीने कोणी आलं असतं तर आवाज झाला असता."

"मग कोणी आलं?"

त्याने एक मासा डब्यात टाकला, मग दुसरा.

"गस, मी त्या माणसाच्या लग्नात नाचलोय."

"कुठल्या? पहिल्या की दुसऱ्या?"

"दोन्ही," सिलो म्हणाला. "एनार आला होता. तिचा बाप. टोकापर्यंत."

३

एनारकडे जाण्याआधी मी डॅग्नीच्या आईला गाठलं. घाई केली की माणूस हातातला संशयित धरून बसतो. मर्ना आणि तिचा नवरा व्हर्न सुनावणीसाठी ॲरिझोनाहून आले होते. बंदराजवळच्या लॉजमध्ये उतरले होते आणि पावसाने वैतागले होते.

"बूच?" व्हर्न म्हणाला. "होडीला बूच असतं? खाली भोक ठेवतात मुद्दाम?"

मर्नाने त्याच्या हातावर थोपटलं. मी त्याचं नाव मनातून खोडलं. ज्याने बूच काढलं त्याने ते मुठीला अडकवलं होतं, आणि ती सवय या माणसाला सात जन्मांत लागणार नव्हती.

"तुला पोरगी हवी आहे का गं, मर्ना?" मी सरळ विचारलं. "अर्ज फेटाळला तर ती तुझ्याबरोबर येईल."

"हवी आहे. खोली तयार आहे." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "पण आंटी, सोळाव्या वर्षी मला इथून पळून जायचं होतं. सगळ्यांनी धरून ठेवलं. तेव्हाच ठरवलं, माझं मूल जे मागेल त्यावर मी सही करीन. तिने इथे राहायचं मागितलं. काय करणार? केली."

"वाईट वाटलं?"

"रडले. तिच्यासमोर नाही."

मला ती खरी वाटली. शिवाय सिलोच्या नाकासमोरून ती गेलेली नव्हती, आणि पाण्याची तिला अशी धास्ती की होडीला हात लावत नाही. तिचंही नाव खोडलं.

"एनारने सही करायला किती वेळ घेतला?" जाता जाता मी विचारलं.

"ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि केली. वाचलासुद्धा नाही. डॅग्नी समोरच उभी होती." मर्ना जरा थांबली. "तिने पेन परत घेतलं आणि थँक्यू म्हणाली. आमच्या घरात बापाला थँक्यू कोण म्हणतं?"

४

एनार ताराल्डसन धक्क्यावर मोठ्या जाळ्याची भोकं शिवत बसला होता. मोठा गडी, बोलायला कंजूष. दुसरी बायको, तीन वर्षांची जुळी पोरं, बंदरावर घर. मुलगी टोकापलीकडे, अर्ध्या तासाच्या वाटेवर, आणि वर्षातून तीनदा भेट.

"काल संध्याकाळी खाडीकडे गेला होतास."

"सिलोने सांगितलं वाटतं."

"कशाला गेला होतास?"

"सहज."

"तिथे सहज कोणी जात नाही, एनार. बुटांत चिखल जातो."

त्याने सुई घातली, ओढली, गाठ मारली. मी थांबले. मला थांबण्याचे पैसे मिळतात.

"तिला काहीतरी सांगायचं होतं," शेवटी तो म्हणाला. "टोकापर्यंत गेलो. केबिनमधून धूर येत होता. ती आत मोठ्याने काहीतरी गात होती. मजेत होती. मग परत फिरलो."

"काय सांगायचं होतं?"

"आता त्याचं काय."

मग मी त्याला सांगितलं की होडीचं प्रकरण अहवालात जाणार. जी मुलगी बूच विसरते तिला न्यायाधीश सज्ञान ठरवणार नाहीत. जागा जाईल, मुलगी ॲरिझोनाला जाईल. एनारची सुई थांबली.

"ती विसरली नाही," तो म्हणाला. "मी केलं."

"काय केलंस?"

"बूच मी काढलं. तिला सज्ञान व्हायला नको होतं म्हणून. लिहा तसं. तिचा दोष नाही असं लिहा. तिला हवं ते मिळू द्या."

"सिलोला तू टोकाच्या पुढे गेलेला दिसला नाहीस."

"तो शिंपल्यांत डोकं घालून होता."

"बरं. आणि काढलेल्या बुचाचं काय केलंस?"

"भिरकावलं समुद्रात," एनार म्हणाला. "लांब."

मी खिशात हात घातला. बूच माझ्या मुठीत होतं.

५

आता माझ्यासमोर दोन माणसं होती आणि दोघंही गुन्हा अंगावर घेत होती. इतक्या वर्षांत मला नाकारणाऱ्यांची सवय. अशांची नाही.

एनार खोटं बोलत होता, तेही वाईट. पण का? पोरीला वाचवायला. म्हणजे तिने ते केलं नाही अशी त्याची खात्री होती, किंवा केलं असलं तरी त्याला पर्वा नव्हती. मग उरलं कोण? सिलो. जागेची यादी, सोन्याचे दात, टोकावरची बैठक. मला ते नको होतं, पण माझ्या नको असण्याला कोण विचारतं.

गुरुवारी सकाळी पुन्हा होडी काढली. सिलोचे बोये टाळत वळसा घातला, चरफडत, कारण त्याचं जाळं नेमकं रस्त्यात. टोक ओलांडलं आणि डॅग्नीच्या खाडीत सरळ आत गेले.

सरळ. मी इंजिन बंद केलं आणि होडी पाण्यावर तशीच तरंगू दिली.

काल पण सरळच आले होते. मासेमारी खुली, मासे वेड्यासारखे येतायत, आणि या खाडीत पाण्यात एक बोया नाही. जाळं मांडवावर होतं, घडी घातलेलं, सुकलेलं. बुडालेल्या होडीने जाळं ओढता येत नाही. म्हणजे ते होडी बुडायच्या आधी ओढलेलं होतं. ऐन हंगामात, खुल्या दिवशी, कोण आपलं जाळं बाहेर काढतं? ज्याला माहीत आहे की उद्या होडी नसेल, जाळ्यातले मासे काढता येणार नाहीत आणि ते तिथेच कुजतील, तोच.

तिच्या जाळ्यात मासे कुजले असते तर सिलोचा फायदाच होता. तो कशाला जाळं काढेल? हे काढणारीला होडी बुडालेली चालणार होती, पण मासे वाया गेलेले नाही. आजोबाने तसंच वाढवलं होतं.

डॅग्नी दारात बसून बटाटे सोलत होती.

"जाळं फाटलं होतं का गं?"

"हो. थोडं."

मी मांडवाशी गेले, जाळं हातभर उलगडलं, मग आणखी उलगडलं. एक धागा तुटलेला नव्हता. ती बघत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि दुसरी सुरी घेतली. गुडघे दुखतात हल्ली, पण अशा वेळी खाली बसलेलं बरं.

"अर्ज मागे घ्यायचा होता तर नुसतं सांगायचंस," मी म्हणाले. "चांगली होडी कशाला बुडवायची?"

तिने हातातला बटाटा पुरा सोलला.

"मागे घेतला असता तर नको म्हणणारी मीच झाले असते," ती म्हणाली. "मला वाटलं, कोणीतरी नको म्हणेल."

"कोणीतरी?"

"मी कागद घेऊन गेले ना त्याच्याकडे, वाटेत सगळं पाठ केलं होतं. तो ओरडेल, मग मी काय बोलायचं. तो म्हणेल वेडी झालीस का, चल घरी, मग मी काय बोलायचं. आणि त्याने सही केली. आंटी, पेन चालत नव्हतं तर झटकून झटकून केली."

मला त्या क्षणी एनारचा इतका राग आला की बटाटा अर्धा कापला गेला.

"मग रेडिओवर सांगितलंस."

"कोणाचीही होडी बुडाली तरी तो जातो. गावात कोणाचीही. पंप घेऊन जातो." तिने मनगटाने नाक पुसलं. "तुम्ही आलात."

"आणि कोर्टाने नाही म्हटलं असतं, आणि तोही गप्प राहिला असता, तर?"

"तर ॲरिझोना. निदान कळलं तरी असतं."

६

त्या दुपारी मी पुन्हा धक्क्यावर गेले. तिचं गुपित मी फोडणार नव्हते, पण मी बघितलेलं सांगायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

बूच काढून जाळ्यावर ठेवलं. एनारने ते ओळखलं.

"मुठीला होतं," मी म्हणाले. "समुद्रात नाही."

त्याने बुचावरून बोट फिरवलं.

"आणि तिचं जाळं मांडवावर आहे. होडी बुडायच्या आधीच ओढलेलं. एक भोक नाही त्याला."

"जाळं?" तो म्हणाला. "खुल्या दिवशी?"

तो या किनाऱ्यावर जन्मलेला माणूस. मी ज्याला दोन दिवस घेतले ते त्याला एका श्वासात कळलं. त्याने सुई खाली ठेवली, टोपी काढली, परत घातली. मग तिथेच जाळ्याच्या ढिगावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मला वाटलं तिला हवंय," तो हातांआडून म्हणाला. "एवढी वर्षं मी काही दिलं नाही. पहिल्यांदा काहीतरी मागितलं, तर म्हटलं, देऊन टाकावं."

"परवा टोकापर्यंत जाऊन काय सांगायचं होतं?"

"की सही परत दे."

मी बूच उचलून खिशात टाकलं आणि घरी जाऊन अहवाल लिहिला. होडीबद्दल त्यात एकच वाक्य होतं, की इंजिन कोरडं आहे आणि होडी दुरुस्त होईल. ते खरं होतं.

शुक्रवारी धुक्यामुळे न्यायाधीशांचं विमान उशिरा आलं. आमचं कोर्ट म्हणजे पोस्टाच्या वरची खोली. सिलो मागच्या बाकावर, अंगाला माशांचा वास. मर्नाच्या हातात रुमाल. डॅग्नी केस विंचरून आली होती आणि अजिबात मागे बघत नव्हती.

न्यायाधीशबाईंनी नेहमीचे प्रश्न नेहमीच्या आवाजात विचारले. आईची संमती? आहे. वडिलांची?

एनार उभा राहिला.

"नाही," तो म्हणाला.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "इथे तुमची सही आहे, मिस्टर ताराल्डसन."

"आहे. ती मागे घेतो. ती सोळा वर्षांची आहे आणि तिला बाप आहे. उशिरा आलोय, पण आहे. भाडेपट्ट्यावर मी सही करतो. उन्हाळ्यात ती तिच्या खाडीत राहील, तिची होडी, तिचं जाळं, मी मध्ये बोलणार नाही. हिवाळ्यात घरी." त्याला एवढं बोलायची सवय नव्हती, मध्येच दम लागला. "खोलीत सध्या जुळ्यांची खेळणी आहेत. ती काढतो."

मागच्या बाकावर सिलोने मोठ्याने नाक शिंकरलं. डॅग्नीची खाडी त्याच्या हातून कायमची गेली ती गेली.

"डॅग्नी," बाई म्हणाल्या, "वडिलांच्या संमतीशिवाय हा अर्ज मला मंजूर करता येणार नाही. तुला काही सांगायचंय?"

ती टेबलाकडे बघत होती. कान लाल झाले होते.

"खेळणी राहू देत," ती म्हणाली.

अर्ज फेटाळला. मी आजवर पाहिलेल्या अर्जांत हरल्यावर इतकं ताठ चालत गेलेलं दुसरं कोणी आठवत नाही. मर्नाने तिला जिन्यात घट्ट धरलं, काहीतरी कानात सांगितलं आणि व्हर्नला घेऊन पुढे गेली. एनार खाली रस्त्यावर ट्रकपाशी उभा होता. मागे पंप टाकलेला होता.

"एवढा वेळ लागतो?" डॅग्नी त्याला म्हणाली.

"ओहोटीची वाट बघत होतो."

"बुधवारी सकाळी मी रेडिओवर सांगितलं होतं."

"ऐकलं," एनार म्हणाला. "माझं चुकलं."

मी मध्ये पडले, कारण मला घरी जायचं होतं. खिशातलं बूच काढून तिच्या हातावर ठेवलं. तिने ते जरा वेळ धरलं, मग बापाच्या हातात दिलं.

"हे तू लाव," ती म्हणाली आणि ट्रकमध्ये चढली. "जाळं मी टाकते. उद्यापर्यंत खुलं आहे."